सायलीची गोळी कुठे जाते?

१

"अंगद, या दोन नळ्यांची तू अदलाबदल केलीस," डॉ. अंजना मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

अंबाजोगाईतल्या एका लहानशा रक्तविकार केंद्रात मी काम करतो. रक्त काढायचं, नळीवर नाव चिकटवायचं, यंत्रात लावायचं. मला आळशी म्हणा, तोंडाळ म्हणा, मी हसून सोडून देईन. पण नळ्या बदलल्या म्हणालात तर माझं पित्त खवळतं. पेशंटसमोर नाव चिकटवल्याशिवाय मी दुसऱ्या नळीला हात लावत नाही, मग मागे रांग ओरडली तरी चालेल.

"मी? शक्यच नाही," मी म्हणालो.

मॅडमनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवले. मॅडम रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करतात. एकच गोळी आपल्या भागातल्या वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळी का लागू पडते, हा त्यांचा विषय. त्यासाठी आजारी मुलाबरोबर त्याच्या निरोगी भावंडाचंही रक्त आम्ही तुलनेला घेतो. समोरचे रिपोर्ट घाटनांदूरच्या दोन सख्ख्या बहिणींचे होते. धाकटी सायली, दहा वर्षांची, हिला कर्करोग. थोरली स्वप्नाली, अकराची, ठणठणीत.

सायलीचा आजार आटोक्यात आला होता. पण तो परत डोकं वर काढू नये म्हणून अजून बरेच महिने रोज संध्याकाळी गोळी घ्यायची होती. ही गोळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुद्दाम कमी ठेवते. पेशी कमी दिसल्या की आम्ही समजतो, गोळी काम करतेय.

रिपोर्टमध्ये सायलीच्या पांढऱ्या पेशी शाळेत उड्या मारणाऱ्या कुठल्याही मुलीइतक्या होत्या. आणि कमी कुणाच्या झाल्या होत्या? स्वप्नालीच्या.

आता तुम्हीच सांगा, नळ्या बदलल्या असं कुणीही म्हणेल. पण मी गप्प बसणारा नाही. सायलीचा रक्तगट ओ आणि स्वप्नालीचा बी, हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. मी मॅडमसमोर दोन्ही नळ्यांतलं रक्त काचेवर घेतलं आणि गट तपासले. सायलीच्या नळीत ओ निघाला, स्वप्नालीच्या नळीत बी.

"झालं समाधान?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

मॅडम हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"तू चुकला असतास तर बरं झालं असतं रे," त्या म्हणाल्या. "तू बरोबर असशील तर सायलीला गोळी लागू पडत नाहीये. म्हणजे आजार केव्हाही परत येईल. आणि स्वप्नालीच्या पेशी गोळी न घेता कमी होतायत. म्हणजे कदाचित तिलाही..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

२

मॅडमसमोर आता दोन कामं होती. सायलीचा डोस वाढवायचा आणि स्वप्नालीच्या कमरेच्या हाडात सुई घालून तिच्या अस्थिमज्जेची तपासणी करायची. दुसरं कुणी असतं तर त्याच दिवशी दोन्ही करून मोकळं झालं असतं. मॅडमचा स्वभाव वेगळा. एखादी गोष्ट पटली नाही की त्या तिच्याभोवती घिरट्या घालत बसतात.

"आधी गोळी कुठे जाते ते शोधू," त्या म्हणाल्या. "आपल्या कपाटापासून सुरुवात कर."

आमच्या औषधांच्या खिडकीत रामेश्वर बसतो. माझ्याच वयाचा, तोंडात कायम बडीशेप.

"काय बे, माझ्यावर डाव धरलास का?" तो भडकला. "गोळ्या बनावट असतील म्हन्तोस? अरे, एकाच खोक्यातल्या गोळ्या दिल्यात सगळ्यांना."

ते खरं होतं. त्याच खोक्यातल्या गोळ्या घेणाऱ्या बाकीच्या मुलांचं रक्त मी काढून पाहिलं, तर सगळ्यांच्या पेशी हव्या तशा कमी होत्या. म्हणजे गोळी अस्सल होती आणि रामेश्वर सुटला. "आता च्या पाज," असं तो वर म्हणाला, आणि मला पाजावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं घाटनांदूरचं कुटुंब आलं. पोरींचे आई-वडील सुनिता आणि हनुमान दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिमेकडे गेले होते. इतर वर्षी पोरींनाही नेत, यंदा सायलीच्या आजारामुळे दोघींना आजोबांजवळ ठेवलेलं. आजोबांचं नाव आश्रुबा. सोबतीला शेजारच्या बायनाबाई होत्या.

आश्रुबा स्वप्नालीच्या खांद्यावर हात ठेवून आत आले, पागोटं सारखं केलं आणि खुंटीवर टांगलेल्या मॅडमच्या पांढऱ्या अॅप्रनला वाकून नमस्कार केला.

"रामराम डाक्टरीनबाई," ते अॅप्रनला म्हणाले.

"मी इकडे आहे आबा," मॅडम टेबलामागून म्हणाल्या. "डोळ्यांचं ऑपरेशन कधी करायचं?"

"मोतीबिंदू काय पळून चाललाय व्हय? पोर बरी होऊ द्या आधी."

मी हसू दाबलं. पोरींकडे पाहिलं तर त्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. सायलीचे उपचारात गेलेले केस बोटभर परत आले होते, बाळाच्या जावळासारखे, कुरळे. गालावर चांगली तुकतुकी होती. स्वप्नाली मात्र ओढलेली दिसत होती आणि तिचेही केस बारीक कापलेले होते.

"तुझ्या वेणीचं काय झालं गं?" मी विचारलं.

"उवा झालत्या," ती म्हणाली आणि खाली बघायला लागली.

३

मॅडमनी एकेकाला आत बोलावलं. आधी आश्रुबांना.

"आबा, रागावू नका. सायलीची गोळी कधी चुकते का?"

म्हातारा ताठ झाला. "गोळी चुकती? पोराच्या लग्नाची तिथी चुकंल, पर गोळी न्हाई चुकायची. दिवेलागन झाली की मी वट्यावर बसतो. सायले म्हून हाक मारतो. आले आबा म्हून ती आतून वरडती, अन् येऊन माझ्या म्होरं बसती. डोक्यावर हात ठिवतो, देवाचं नाव घेतो अन् माझ्या हातानं गोळी देतो. वर पानी. गिळल्याचा आवाज कानानं ऐकल्याबिगर उठत न्हाई मी."

"रोज?"

"रोज. अन् गुन बी यायलाय बाई. आधी तिचे केस कसे, कापसावानी लागायचे हाताला. आता राठ व्हायलेत. पोरीनं जोर धरलाय." म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला पुढे पाहवेना. त्याला काय सांगणार होतो आम्ही, की गोळी लागू पडत नाही?

मग बायनाबाई आल्या. बोलक्या बाई, विचारायच्या आधी उत्तर.

"मी गुळवेलीचा काढा देते दोघींना, खोटं कावून बोलू? काय वाईट केलं का?"

मी मॅडमकडे सूचक नजरेनं पाहिलं. सापडला गुन्हेगार, असं मला वाटलं. काढ्यानं गोळीचा गुण मारला असणार.

"काढा आता बंद करा," मॅडम एवढंच म्हणाल्या. "पोरी जेवतात का नीट?"

"सायली लई छान जेवती. दिवाळीपस्तोर नुसती वकायची, पडून ऱ्हायची. आता गल्लीभर पळती. थोरलीचंच काय कळंना झालंय बाई. ठेच्याबिगर भाकर न खानारी पोर, आता ठेचा शिवत न्हाई. तोंड आलंय म्हन्ती. सकाळी उठली की वकती. आईची सय येत आसंल."

मॅडमचं पेन थांबलं. "ही कधीपासून अशी?"

"हनुमान-सुनिता फडावर गेलते, त्याच्यानंतरच."

बायनाबाई गेल्यावर मी म्हणालो, "बघा, काढाच."

"काढा दोघींनी घेतला अंगद. मग दोघींचं रक्त उलटसुलट कसं झालं?"

शेवटी पोरींना बोलावलं. सायलीनं "गोळी घेतेस ना?" याला होकाराची मान डोलावली आणि ताईकडे पाहिलं. स्वप्नालीनं "घेती की ती," असं पटकन सांगितलं. इतकं पटकन, की मॅडमनी पुढे काहीच विचारलं नाही. त्यांनी फक्त दोघींचं रक्त परत काढायला सांगितलं आणि त्या दिवशी सगळ्यांना केंद्रातच ठेवून घेतलं.

तासाभरानं स्वप्नालीच्या कपाळाला हात लावला तर ताप होता. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप येणं म्हणजे काय, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? किल्ल्याचे पहारेकरी झोपले आणि दार कुणीतरी ढकलतंय, तसला प्रकार. तिला लगेच सलाईन आणि औषध लावलं.

"मॅडम, उद्या सकाळी तिची अस्थिमज्जा घ्यायचीच ना?" मी विचारलं.

"दुपारपर्यंत सांगते," त्या म्हणाल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या.

४

दुपारी त्यांनी मला हाक मारली. "ये, बघ. स्वप्नालीचं रक्त. काय दिसतं?"

मी डोळा लावला. कर्करोगाच्या पेशी शोधायच्या म्हणून शोधत राहिलो.

"एकही खराब पेशी नाही," मी म्हणालो.

"लाल पेशी बघ."

"फुगल्यात. मोठ्या दिसतायत."

"जीवनसत्त्व कमी असलं तरी अशा फुगतात. ते मी तपासून घेतलं, व्यवस्थित आहे. मग अशा फुगलेल्या लाल पेशी आणि कमी झालेल्या पांढऱ्या पेशी, या दोन्ही एकत्र आपण रोज कुणाच्या रक्तात बघतो?"

मी डोळा काढला. उत्तर इतकं समोर होतं की मला स्वतःची लाज वाटली. "आपल्या मुलांच्या. ती गोळी घेणाऱ्या."

"बरोबर. हे आजाराचं रक्त नाही अंगद. हे औषधाचं रक्त आहे. तोंड येणं, ठेचा न चालणं, सकाळची उलटी, सगळं औषधाचं. सायलीची गोळी स्वप्नालीच्या पोटात जाते."

"पण कसं? म्हातारा स्वतःच्या हातानं देतो. डोक्यावर हात ठेवून!"

"तो म्हातारा माझ्या अॅप्रनला नमस्कार करतो," मॅडम म्हणाल्या. "त्याला उजेड आणि सावली एवढंच दिसतं. त्याचे डोळे म्हणजे त्याचा हात. आणि हातानं त्याला काय सांगितलं? केस राठ झालेत. तू सायलीच्या केसांना हात लावलास का?"

"नाही."

"मग चल."

वॉर्डात दोघी बहिणी एकाच खाटेवर बसल्या होत्या. आश्रुबा दाराबाहेर बाकावर डुलकी घेत होते. मॅडम खाटेसमोर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"मी आता आबा आहे," त्या म्हणाल्या. "सायले!"

"आले आबा," सायली सवयीनं ओरडली. पण तिच्या जागेवरून हलली नाही. हलली स्वप्नाली. सलाईनची नळी सांभाळत एक वीतभर पुढे सरकली आणि मग थिजली.

मॅडमचा पुढे केलेला हात स्वप्नालीच्या डोक्यावर टेकला. दुसरा हात त्यांनी सायलीच्या डोक्यावर ठेवला. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी दोघींचे केस चाचपले.

"एकीचे कापसासारखे," त्या हळू म्हणाल्या. "एकीचे राठ. तुझ्या डोक्यात उवा नव्हत्या ना गं स्वप्नाली?"

पोरीचा चेहरा रडवेला झाला. "पयल्या दिशी आबानं डोक्यावर हात ठिवायच्या आतच गोळी गिळून पळाले. दुसऱ्या दिशी केस कापले. न्हाईतर वेनी लागली असती हाताला."

सायली रडायला लागली. "आक्काला कायी करू नका. मीच म्हनलं होतं मला नको गोळी."

"कुणी काही करत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता. "मला फक्त कळायला हवंय. कावून केलंस बाळा?"

मॅडम मूळच्या पुण्याच्या. "कावून" हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

५

स्वप्नालीनं नाक पुसलं आणि ती जे बोलली ते मी जन्मभर विसरणार नाही.

"गेल्या साली आमी बी फडावर होतो. आई-बाप मिळून एक कोयता हाय. मुकादम दोघांची नावं येगळी धरतच न्हाई, एक कोयता म्हन्तो. मंग आईला ताप आला. उठताच येईना. तवा बापानं आईला पाचटाच्या कोपीत निजवलं, म्हनला तू पड, तुझं मी काढतो. अन् आईच्या वाटनीचा ऊस बी त्यानंच तोडला, तिच्या वाटनीच्या मोळ्या बी त्यानंच डोक्यावर न्हेल्या. गाडी भरली. मुकादम कायी बोलला न्हाई. अन् आई बरी झाली."

ती थांबली. मग सायलीकडे बघून पुढे बोलायला लागली.

"ह्या साली आई-बाप गेले तवा आई म्हनली, तू अन् सायली, एकमेकीला धरून ऱ्हावा. हिला गोळी घेतली की लई त्रास व्हायचा. उलट्या करून करून रडायची. मंग म्या म्हनलं, तू पड, तुझ्या वाटनीचं मी काढते. दोघींतून कुनी का घेईना, घेतली म्हंजे झालं. मला लई कडू लागली, पर हिला बरं वाटाया लागलं. ती पळाया लागली. मला वाटलं, मोळी पोचली."

तिच्या परीनं या पोरीचा हिशेब चुकला नव्हता. जे घर तिनं पाहिलं होतं, त्या घरात माणूस असाच वाचवतात. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि डोळे पुसले, सांगायला लाज कसली?

मॅडमनी तिचा हात धरला. "स्वप्नाली, ऊस कुणीही उचलला तरी गाडी भरते. आजाराचं तसं नाही. आजार सायलीच्या रक्तात आहे, म्हणून औषधही तिच्याच रक्तात पोचलं पाहिजे. तुझ्या अंगात ते गेलं तर तिला मिळत नाही, आणि तुझ्या अंगात त्याला मारायला आजारच नाही, म्हणून ते तुझ्या चांगल्या पेशी मारतं. म्हणून तुला ताप आलाय."

स्वप्नाली बघत राहिली. मग तिला एकदम उमगलं, आणि तो चेहरा मला अजून दिसतो.

"म्हंजे सायलीचा आजार वाढला? माझ्यामुळं?"

"ते आज तपासू," मॅडम म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. "तू तिचं वाईट चिंतलं नाहीस, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे."

दाराशी काठी वाजली. आश्रुबा उभे होते, पागोटं हातात. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"माझ्या हातानं," म्हातारा म्हणाला. "रोज माझ्या हातानं मी थोरलीला इख देत व्हतो, अन् धाकटीचं औशिद काढून घेत व्हतो. देवाचं नाव घेऊन."

मॅडम उठल्या आणि त्यांना धरून खाटेवर बसवलं. "आबा, केस राठ झालेत हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर उद्या मी या पोरीच्या हाडात सुई घातली असती आणि त्या पोरीला दुप्पट गोळी दिली असती. बसा इथे."

आश्रुबांनी अंदाजानं हात पुढे केले. एका हाताखाली कापूस आला, एका हाताखाली राठ केस. ती दोन्ही डोकी छातीशी धरून ते बसून राहिले.

६

सुई त्या दिवशी सायलीला घ्यावी लागली. गोळीविना इतके आठवडे गेलेले, आजार परत आलाय का हे बघणं भाग होतं. सुई जाताना ती ओरडली तेव्हा बाहेर स्वप्नालीनं कानावर हात घेतले. बायनाबाई सगळ्या देवांना नवस बोलत होत्या, काढ्याचाही उल्लेख त्यात आला असावा.

काचा रंगवून मी मॅडमपुढे ठेवल्या. त्यांनी एक पाहिली, दुसरी पाहिली, पहिली परत पाहिली.

"बाहेर जाऊन सांग," त्या शेवटी म्हणाल्या. "स्वच्छ आहे. वाचलो आपण."

मी धावतच गेलो. सांगता सांगता मी बाहीनं डोळे पुसायला लागलो, तर रामेश्वर मागून म्हणाला, "काय बे, रडतोस काय, हस की." आणि तो स्वतःच डोळे पुसत होता.

चारेक दिवसांत स्वप्नालीचा ताप उतरला, पेशी वर यायला लागल्या. हनुमानला फोन लावला होता. तो फडावरून निघतो म्हणत होता, मॅडमनी दोन्ही पोरी सुखरूप आहेत म्हणून त्याला शांत केलं. उलट्या कमी व्हाव्यात म्हणून सायलीला आणखी एक औषध सुरू केलं. ते आधीच मागायचं असतं, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि आम्हीही कधी सांगितलं नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आपल्या गाडीनं सोडू." घाटनांदूरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. आश्रुबा वट्यावर बसले, पण गोळीचं पाकीट हातात घेईनात.

"मला न्हाई जमायचं बाई. माझ्या हातावर भरोसा ऱ्हायला न्हाई."

"तुमच्याच हातानं द्यायची," मॅडम म्हणाल्या.

स्वप्नाली खांबाला टेकून उभी होती. दवाखान्यात ती फारसं बोलली नव्हती. आता हळूच म्हणाली, "मंग म्या काय करू?"

"काय म्हणजे?"

"हिच्यासाठी. औशिद मी घ्यायचं न्हाई. आबा देनार. मंग माझ्या वाटनीला काय?"

मॅडमनी एकदा आश्रुबांकडे आणि एकदा सायलीकडे पाहिलं.

"पाणी तू दे," त्या म्हणाल्या.

स्वप्नाली आत धावली आणि काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली. आश्रुबांनी सायलीला हाक मारली. या वेळी जिनं ओ दिली तीच येऊन बसली. म्हाताऱ्यानं डोक्यावर हात ठेवला, केस दोन-तीनदा चाचपले, देवाचं नाव घेतलं आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

सायलीनं गोळी तोंडात टाकली. स्वप्नालीनं दोन्ही हातांनी तांब्या तिच्या ओठांना लावला. सायलीनं डोळे घट्ट मिटून घोट घेतला आणि गिळलं. तिच्याकडे बघत, तांब्या तसाच धरून, स्वप्नालीनंही रिकाम्या तोंडानं आवंढा गिळला.